वाळीत टाकणारी गावे, उघडी दारे

धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी लग्न केले. नवरा विधुर, नवरी विधवा. पुढे दोघे दापोली तालुक्यातल्या मुरूडला, कर्व्यांच्या गावी आले, तेव्हा गावाने सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला आणि त्यांना थारा देणाऱ्या त्यांच्या घरच्यांनाही वाळीत टाकू, असे बजावले. हे ठराव करणारी माणसे दुष्ट होती असे मी म्हणत नाही. नेमाने पूजाअर्चा करणारी, शेजारी कुणी गेले तर खांदा द्यायला धावणारी, चार लोकांत सज्जन म्हणून ओळखली जाणारी माणसे होती ती. म्हणूनच त्यांचा अपराध मोठा. दुष्टाचा बहिष्कार एका घराला पुरतो. सज्जनांचा बहिष्कार पिढ्यांना पुरतो, कारण त्याला धर्माचा शिक्का मिळतो.

आणि बहिष्कार घातला तो कुणावर? याच कर्व्यांनी १८८६ मध्ये ‘मुरूड फंड’ काढला होता. नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेल्या मुरूडकरांकडून वर्गणी जमवायची आणि ती गावाच्या हिताच्या कामी लावायची, असा तो फंड. गावासाठी पैसे गोळा करणारा हात गावाला चालला. त्याच हाताने एका विधवेचा हात धरला, तेव्हा मात्र तो विटाळला!

गोदूबाई होत्या देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न, तीन महिन्यांत वैधव्य, आणि मग सासरच्या घरात वर्षानुवर्षे राबणे. त्यांच्या भावाने, नरहरपंत जोशी यांनी, त्यांना मुंबईला आणले आणि त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात दाखल झाल्या. हे सदन १८८९ साली चौपाटीला सुरू झाले होते आणि तिथे शिकायला आलेल्या विधवांत गोदूबाई पहिल्या. सदन चालवणारी बाई ख्रिस्ती, पैसा अमेरिकेतल्या देणगीदारांचा. आता मला सांगा, देवरुखात देवळे नव्हती? संगमेश्वर परिसरात मठ, अन्नछत्रे, दानशूर घराणी नव्हती? सगळे होते. एका तरुण विधवेला अक्षर शिकवील, तिला माणूस म्हणून ओसरीवर बसू देईल, असे एक दार मात्र त्या अख्ख्या मुलुखात नव्हते. तिला समुद्र ओलांडून मुंबईला जावे लागले आणि आपण ज्यांना परधर्मी म्हणतो त्यांच्या उंबऱ्यावर उभे राहावे लागले.

हे ऐकले की आपल्याकडचा ठरलेला आक्षेप येतोच: मिशनऱ्यांची सेवा हे आमिष असते. आक्षेप अगदीच हवेतला नाही. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. सदन पुण्याला हलल्यावर त्यांच्या प्रार्थनेला तिथल्या मुली बसू लागल्या तेव्हा पुण्यात गहजब झाला, १८९३ मध्ये सल्लागार मंडळातल्या मोठ्या मंडळींनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली परत नेल्या. प्रश्न असा की, परत नेलेल्या त्या मुलींना कुठे ठेवले? ज्या अंधाऱ्या माजघरातून त्या बाहेर पडल्या होत्या तिथेच बहुतेकींना परतावे लागले असणार. आमिषाची ओरड करणाऱ्यांपैकी एकाने मात्र... नाही, तो ओरड करणाऱ्यांतला नव्हताच. तो गावाने वाळीत टाकलेला होता. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला. ख्रिस्ती सेवेला उत्तर द्यायचे तर सेवेने द्यावे, हे एवढ्या स्पष्टपणे महाराष्ट्रात क्वचितच कुणी दाखवले असेल. ते उत्तर गोदूबाईंनीही दिले, बाया कर्वे होऊन, आश्रमासाठी वर्गणी मागत दारोदार फिरून.

मुरूडहून दापोली काही मैलांवर. त्याच १८९०च्या दशकात दापोलीच्या म्युनिसिपल शाळेत काय चालले होते तेही सांगतो. लष्करातून निवृत्त झालेले महार आणि चांभार पेन्शनर तिथे राहत. सरकारची चाकरी केलेली, लिहिता-वाचता येणारी माणसे. त्यांच्या पोरांना शाळेत इतर मुलांबरोबर बसू देत नसत, व्हरांड्यात बसवत. त्यांनी सरकारदरबारी अर्जामागून अर्ज केले. अस्पृश्यांच्या हक्कांसाठी लेखणी चालवणारे गोपाळबाबा वलंगकर याच दापोलीत होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. म्हणजे एका तालुक्यात, एकाच दशकात, गावाने विधवेशी लग्न करणारा आपला माणूस वाळीत टाकला आणि आपले पोर व्हरांड्यात बसवले. दोन्ही वेळा देवाचे नाव घेऊन.

याच दापोलीत मिशनचे हायस्कूलही होते. आजच्या ए. जी. हायस्कूलच्या नावात आल्फ्रेड गॅडनी या मिशनऱ्याचे नाव आहे. त्या मिशन शाळेतून मॅट्रिक झालेला एक विद्यार्थी म्हणजे पांडुरंग वामन काणे. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला आणि १९६३ साली भारतरत्न झाले. पालगडचे साने गुरुजीही दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. पाद्र्यांच्या शाळेत गेलो म्हणजे धर्म बुडाला, असे सांगणाऱ्यांनी या दोन नावांवर जरा विचार करावा. एकाने हिंदूंचे धर्मशास्त्र जगापुढे मांडले. दुसऱ्याने मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण करून विठोबाचे दार अस्पृश्यांसाठी उघडले. मिशनच्या बाकावर बसून यांचा धर्म गेला नाही; उलट तो मोठा झाला असे माझे मत आहे.

इथे मला ख्रिस्ती बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. रत्नागिरी जिल्ह्यात मिशनरी फार जुने. बाणकोट आणि हर्णै इथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ पासून काम सुरू केले, शाळा काढल्या. पुढे मुंबईत नाव कमावलेले जॉन विल्सन १८२९ मध्ये हर्णैलाच मराठी शिकले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रत्नागिरीत ठाणे केले, वेंगुर्ल्याला दवाखाना काढला. वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. ही माणसे धर्मांतर घडवायलाच आली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. सेवा हे त्यांचे साधन होते, आणि साधन म्हणून केलेल्या सेवेला एक खोट लागतेच: समोरच्या माणसापेक्षा त्याच्या नावापुढची नोंद महत्त्वाची होते.

ही खोट आतल्याच एका माणसाने ओळखली, आणि तोही दापोली तालुक्यातला निघाला! करजगावी १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा गणगोताने त्यांना टाकले, पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची वर्षानुवर्षे ताटातूट झाली. तो बहिष्कार त्यांनी सोसला. पण आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. परदेशी पैशावर आणि मिशनच्या हुकुमावर चालणारी मंडळी या मातीत कायम परकीच राहणार, हे त्यांनी आपल्या बांधवांना तोंडावर सांगितले. दोन वर्षांत टिळक गेले. त्यांची भजने चर्चमध्ये आजही मोठ्या प्रेमाने गातात. त्यांचा दरबार मात्र कुणी पुढे नेला नाही.

मग आजच्या चर्चला काय विचारायचे? रत्नागिरी जिल्ह्यात ख्रिस्ती लोक मूठभर, शेकडा एकही भरणार नाहीत. ‘आम्ही थोडे, आमच्या हातून काय होणार’ ही त्यांची सबब मी ऐकलेली आहे आणि ती मला पटत नाही. येशूने सांगितलेल्या वाटसरूच्या गोष्टीत लुटलेल्या माणसाजवळून आधी याजक जातो, मग मंदिराचा सेवेकरी लेवी जातो, आणि थांबतो तो शोमरोनी, म्हणजे त्या समाजाने ओवाळून टाकलेल्या जमातीचा एकटा माणूस. त्याच्याकडे संस्था नव्हती, ट्रस्ट नव्हता, विदेशी देणगीचा परवाना नव्हता. तेल, द्राक्षारस, एक गाढव आणि दोन नाणी एवढेच होते. ही गोष्ट रविवारी वाचायची आणि सोमवारी आवाराचे फाटक बंद करायचे, हा कुठला धर्म? कॉन्व्हेंट शाळांची फी कुणाला परवडते ते एकदा पालकांना विचारा. नाताळात केक वाटला, फोटो काढला, की शेजारधर्म वर्षभरापुरता संपतो का? ज्या मिशनने कधीकाळी टाकलेल्या पोरांना शिकवले त्याच्या वारसांच्या शाळेत आज टाकलेल्यांची पोरे किती, हे मोजायला कुणाला फुरसत नाही.

आणि टाकलेले कोण आहेत, ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जा. मासेमारीच्या नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी पोरे भरलेली असतात. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे, लहान मुलांसकट, महिनोन्महिने मांगरात राहतात. जांभ्याच्या चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेले मजूर उन्हात चिरे काढतात. त्यांच्या घामावर जिल्ह्याचा हापूस आणि मासळी उभी आहे. पण नौकेवरून पडून एखादा पोरगा मेला, तर त्याच्या अंत्यविधीला कुणी नसते. बागेतली मुले शाळेच्या पटावर नसतात. चिरेखाणीत पाय चिरडला, तर सिव्हिल हॉस्पिटलात त्याची भाषा समजून घ्यायला आणि फॉर्म भरायला सोबत कुणी नसते. गावकीच्या वहीत त्यांचे नाव नाही, मंदिराच्या वर्गणीत नाही, जमातीत नाही, पॅरिशमध्येही नाही. मच्छीमारी बंद होते १ जूनला, नौका पुन्हा सुटतात १ ऑगस्टला, आणि खलाशी कोण आले-गेले याची नोंद फक्त मालकाच्या हिशेबात राहते.

आपल्याच माणसांची गत फार वेगळी नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला ती १६,१५,०६९ झाली. वाढायची ती घटली. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, म्हणजे राज्यात सर्वांत जास्त. पण हे स्त्रीसन्मानाचे प्रमाणपत्र नाही, पुरुष मुंबईला गेल्याचा तो आकडा आहे. वाडीवाडीत एकट्या म्हाताऱ्या राहिल्या आहेत. मुलगा विरारला किंवा डोंबिवलीला, गणपतीला आणि शिमग्याला येतो. संजय गांधी निराधार योजनेत आणि श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तो काढायला तहसीलला जायचे, तलाठ्याकडे जायचे, सेतूत उभे राहायचे, आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव जुळवायचे. गुडघे गेलेल्या आजीने हे करायचे कसे? तिच्या वाडीत मात्र जुने जांभ्याचे, कौलारू देऊळ पाडून स्लॅबचे नवे देऊळ उभे राहते, मार्बल बसतो, पंख्यापंख्यावर देणगीदाराचे नाव रंगवले जाते. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने जीर्णोद्धाराला लाखो रुपये उभे केले. आजीला तहसीलला नेणारी रिक्षा कोणत्याही मंडळाच्या अंदाजपत्रकात नाही. १८८६ च्या मुरूड फंडाची आठवण आपल्या मंडळांना व्हावी, असे मला मनापासून वाटते. पैसा तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे, शहाणपण कमी झाले आहे.

आपण आपत्तीत शूर आहोत, हे मान्य. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, तेव्हा घरांच्या माळ्यावर अडकलेल्यांना काढताना कुणी जात विचारली नाही, राज्याच्या कानाकोपऱ्यातून पाणी, धान्य, चादरी आल्या. पण पूर वर्षातले दोन दिवस असतो. उरलेल्या तीनशे त्रेसष्ट दिवसांत माणूस बुडतो तेव्हा तो दिसत नाही, कारण तो गढूळ पाण्यात नसतो, आपल्या शेजारी असतो.

आणि कित्येकदा त्याला आपणच ढकललेले असते. शिमग्यात पालखी सहाणेवर येते, मानकरी गाऱ्हाणे घालतात: गावातल्या, परगावच्या, मुंबईतल्या सगळ्या लेकरांना सुखी ठेव, रक्षण कर. किती सुंदर प्रथा! पण पालखी आधी कुणाच्या खांद्यावर, मान कुणाचा, यावरून गावात दोन तट पडतात, प्रकरण तहसीलदारापर्यंत आणि कोर्टात जाते, आणि एखाद्या घराची गावकी तुटते. मग त्या घराला किराणा नाही, पिठाच्या गिरणीवर दळण नाही, लग्नाचे आमंत्रण नाही, मयताला खांदा नाही. मुरूडच्या त्या सभेनंतर सव्वाशे वर्षे झाली आणि आपल्याला अजून कायदा करावा लागला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. २०१६ चा कायदा, २०१७ च्या जुलैपासून लागू, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. याचा अभिमान वाटावा की लाज? मला लाज वाटते. कायदा पहिल्यांदा तिथेच होतो जिथे रोग सर्वांत जुना असतो.

रत्नागिरीने दारे उघडलीही आहेत, हे सांगितले नाही तर या मातीशी बेइमानी होईल. भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभे राहिलेले पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ ला सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले. त्या काळात ते मोठे बंड होते. पण मी मंदिरांना आणि चर्चला दोघांनाही विचारतो: दार उघडले, पुढे काय? आत आलेल्याला दर्शन मिळाले, प्रसाद मिळाला. तो आजारी असेल, कर्जात असेल, एकटा असेल, तर त्या गाभाऱ्याजवळ कुणाला ते माहीत असते का?

देवरुखने याचेही एक उत्तर देऊन ठेवले आहे. ज्या देवरुखातून गोदूबाईंना बाहेर पडावे लागले, त्याच देवरुखात १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे नावाच्या एका विधवेने मातृमंदिर सुरू केले. छोटेसे प्रसूतिगृह, आणि मावशी म्हणून ओळखली जाणारी एक बाई. पुढे दवाखाना वाढला, अनाथ मुलांना घर मिळाले. कुठल्याही धर्मपीठाने तिला पाठवले नव्हते. तिने संगमेश्वर तालुक्यातल्या बाळंतपणात मरणाऱ्या बाया पाहिल्या आणि जवळ होते तेवढ्याने सुरुवात केली. शोमरोन्याच्या गाढवाला मराठीत याहून चांगला अर्थ मला सापडलेला नाही. मंडळ स्थापून, निधी जमवून, मग उद्घाटनाला मंत्री बोलावून काम सुरू करणाऱ्यांनी मावशींची पद्धत नीट पाहून घ्यावी.

म्हणून रत्नागिरीतल्या ख्रिस्ती मंडळींना माझी विनंती अगदी छोटी आहे. निधी उभारू नका, आधी शेजारी मोजा. चर्चच्या आवारापासून चालत पंधरा मिनिटांत येणाऱ्या वस्तीत एकटे कोण राहते, कुणाची पोरे शाळेत नाहीत, कुणाची पेन्शन अडली आहे, हे रविवारच्या उपासनेनंतर दोन-दोन जणांनी जाऊन लिहून आणा. सिव्हिल हॉस्पिटलात सोबतीला कुणी नसलेल्या रुग्णापाशी पाळीपाळीने बसा. चर्चचा हॉल आठवड्याचे सहा दिवस बंदच असतो. बागांतल्या आणि खाणींवरच्या पोरांना संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसवा. नौका सुटण्याआधी जुलैच्या अखेरीस खलाशांची नावे, घरचे फोन नंबर मालकांकडून घेऊन ठेवा, म्हणजे कुणी दगावला तर त्याच्या आईला कळवता तरी येईल. आणि हे करताना बायबल हातात देऊ नका. मागितले तर द्या, मागितल्याशिवाय नको. टिळकांना हे कळले होते.

हिंदू वाचकांनो, ते हे करू लागले की ‘आमिष, आमिष’ म्हणून बोंबलण्याआधी आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांची यादी तुमच्याकडे आहे का, ते तपासा. नसेल तर गप्प बसा, किंवा मातृमंदिरासारखे काही काढा. मुसलमान बांधवांनाही हेच: जकात वाटता, चांगले करता, पण मोहल्ल्यापलीकडच्या नेपाळी राखणदाराचे दारही एकदा ठोठवा.

आणि तुमच्या गावात कोणी वाळीत असेल, तर त्याच्याबरोबर जा. पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे त्याला तक्रार करता येते. एकट्याने तो जाणार नाही, कारण उद्या त्याला त्याच गावात राहायचे आहे. पाद्री असाल तर पाद्री म्हणून जा, गुरव असाल तर गुरव म्हणून, मौलवी असाल तर मौलवी म्हणून. तक्रारीखाली साक्षीदार म्हणून सही करा.